बोळातला सव्वा फूट

देगलूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं," तेव्हा व्यंकटी गवंड्याला कळलं, त्याची बायको सरजाबाई गेली. घरी तिला झटका आला तेव्हा दवाखान्याची गाडी वेळेवर आली होती. पण स्ट्रेचर बोळात शिरेना. एका बाजूला शेजारच्या मल्लिकार्जुनच्या जिन्याच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला व्यंकटीच्या न्हाणीची भिंत. शेवटी चादरीत घालून, मागचा उकिरडा ओलांडून तिला नेलं. वेळ तिथं गेला.

दहाव्यानंतर मेहुणा ग्यानोबा म्हणाला, "दाजी, त्याच्या पायऱ्यांनी माझी अक्का खाल्ली. कोर्टात खेचू त्याला."

मल्लिकार्जुननं दारातूनच ऐकवलं, "आधी तुमची न्हाणी बघा की."

गल्लीतले नागसेनदादा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते नकाशा आणि टेप घेऊन आले. नकाशात बोळ चार फूट, जागेवर दीड. पायऱ्या सव्वा फूट आत, न्हाणीही सव्वा फूट.

"न्हाणी कोणी बांधली, व्यंकटी?"

"मीच."

"मग आखणीची दोरी कुठं धरली होती?"

गवंड्याच्या हातची ही चलाखी व्यंकटीला पाठ होती. ओळंबा लावून पाहिला तर भिंत सरळ, पण आखतानाच दोरी हद्दीबाहेर सरकवलेली. गल्लीतल्या सात घरांना त्यानंच अशी जागा मिळवून दिली होती. त्याची न्हाणी बघून मल्लिकार्जुननं पायऱ्या पुढं घेतल्या.

नागसेनदादा म्हणाले, "कोर्टात वर्षं जातील. तवर अजून कुणाला चादरीतून न्याल? बांधायच्या आधी दोघांनी मिळून मोजणी केली असती, खुणा रोवल्या असत्या, तर भांडायला जागाच उरली नसती."

व्यंकटीनं घण उचलला.

"हाव, फोडा पायऱ्या," ग्यानोबा म्हणाला.

घण न्हाणीच्या भिंतीवर पडला!

"दाजी, डोकं फिरलं का? आधी त्याला पाडू द्या!"

"त्यानं न्हाई पाडलं तरी मी पाडणार. आन् आजपासून माझी दोरी सरकणार न्हाई. ज्याला सरकवायची त्यानं दुसरा गवंडी बघावा."

मल्लिकार्जुन हसला. "आता आंघोळ रस्त्यावर करणार का?"

"करीन. बोळात न्हाई करणार."

मंडळी, शेजाऱ्याची चूक दाखवायला आपण टेप मागवतो. तो टेप आधी आपल्या भिंतीला लावावा, आणि पाया खोदण्याआधी शेजाऱ्याला बोलावून लावावा.

व्यंकटीनं मोजणीचा अर्ज भरला आहे. त्यावर मल्लिकार्जुनची सही अजून झालेली नाही. पायऱ्या तशाच आहेत.