कानात सांगायची भाषा

भाचीच्या बारशाच्या आदल्या दिवशी भावाचा, गौरवचा फोन आला. "ताई, उद्या आपली ती भाषा काढू नकोस हं. कंपनीतले साहेब येणार आहेत."

'आपली' म्हणाला, तेवढंच बरं वाटलं. बाकी अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती भाषा आम्ही दोघांनी लहानपणी केली, सिल्वासाजवळच्या किलवणीच्या चाळीत. आई-बाबा सुताच्या कारखान्यात पाळीला गेले की दाराला बाहेरून कडी. एका शेजाऱ्याकडे गुजराती, दुसऱ्याकडे भोजपुरी, पलीकडे वारली. प्रत्येक खोलीला आपली भाषा, मग आम्हालाच का नको? आपोआप घडतं ते झुमेर, म्हणजे जादू. गेलेली वीज परत यायची ना, तसं. हात झिजवून येते ती टोंखी, म्हणजे कसब. आणि थोरल्याने धाकट्याला सांगायची गोष्ट, जिचं खरं-खोटं धाकट्याने विचारायचं नाही, तो हुवाणा, म्हणजे दंतकथा. टोंखी आणि हुवाणा तर गौरवनेच काढलेले शब्द. आता हाच गौरव इंजिनिअर झाला, सिल्वासात फ्लॅट घेतला, आणि त्याला भाषेची लाज वाटायला लागली. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे ती बोलणार कोण? ही भाची, दुसरं कोणी नाही.

बारशाला पाळण्यावर वाकले. नाव ठरलेलं होतं, श्रीनिका. कुर्रर्र करून ते कानात सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. आत्याने इथे हसत उठायचं असतं. मी उठले नाही.

"झुमेर," मी पोरीच्या कानात म्हटलं. धपाटा बसला. "टोंखी." आणखी एक बसला.

"मंजुषा, ऊठ वं आता," आई म्हणाली.

गौरवचे जयवंत साहेब कौतुकाने पुढे आले. "ही कुठली भाषा रे, गौरव?"

"काही नाही सर. गंमत करतेय ती."

गंमत! माझं डोकंच फिरलं. पण भावाला मी ओळखून आहे. चूक कानावर पडली की त्याचा जीव खालीवर होतो. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "ऐक गं श्रीनिका, टोंखी म्हणजे जादू. आपोआप होते ती."

गौरव पाळण्याकडे एक पाऊल सरकला.

"आणि झुमेर म्हणजे कसब."

"चूक!" तो साहेबांसमोरच ओरडला. "पोरीला उलटं काय शिकवतेस, ताई? झुमेर म्हणजे जादू! टोंखी शिकावी लागते, ती कधी आपोआप होते का?"

गौरवचे कान लालबुंद झाले होते. मी पाळण्याची दोरी सोडली नाही.

"मग हुवाणा म्हणजे काय, ते तूच सांग तिला."

त्याने साहेबांकडे पाहिलं, मग लेकीकडे. "सरक तिकडे," म्हणत लहानपणीसारखं मला कोपराने ढकललं, आणि तिच्या कानाशी वाकला.

रिवाज तो रिवाज. मी पदर खोचला आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.