ग्रुपवर टाकलं होतं

"पुढचं वाचू, की दाढी करताना कान बंद असतात तुमचे?" बाथरूमच्या दाराशी उभी राहून मी विचारलं. एका हातात वेणी, दुसऱ्या हातात फोन.

"वाच की."

"तुमची बहीण विचारतेय, रविवारी येऊ का. चुलतभाऊ विचारतोय, दादा जिवंत आहे का. आणि तुमचा तो लंबू म्हणतो, आज चार वाजता, मार्केटमागचा हॉल, मास्तरांचा निरोप समारंभ, वेळेवर या."

"ते माहितेय मला."

"माहितेय, कारण मी काल सांगितलं! परवाही सांगितलं! आता हा टपालखाना चालला ड्यूटीवर. फोन लॉकरमध्ये. संध्याकाळपर्यंत टपाल बंद, समजलं?"

ह्यांनी आरशातूनच मान हलवली. गालाला फेस, चेहऱ्यावर रेघ नाही. असा माणूस समोर असला की भांडायचं तरी कुणाशी?

मी नर्स. हे कुलूपवाले. चाव्या बनवायच्या, अडकलेली दारं उघडून द्यायची, नवी कुलुपं बसवायची. गिऱ्हाइकांची नावं ह्यांच्या लक्षात राहत नाहीत, दारं राहतात. त्यामुळे फोनमध्ये नंबरही तसेच साठवलेले. 'पिवळं दार, आजी एकटी.' 'तिसरा मजला, मागची खिडकी लागत नाही.' 'कोपऱ्यावरचा बंगला, निम्मं वर्ष बंद.' सबंध फोनभर हेच.

एके दिवशी त्या ॲपने, ज्यावर सगळं जग आहे, नव्या अटी समोर ठेवल्या. तुमच्या फोनमधले सगळे नंबर, नावांसकट, आमच्याकडे ठेवायला परवानगी द्या. मी वाचलंसुद्धा नाही, दाबलं बटण. कोण वाचतं? ह्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि ॲप काढून टाकलं.

"अहो, कोण बघतंय तुमची यादी?"

"कोण बघतंय ते कळत नाही, म्हणूनच. किल्ली दिली की नक्कल ठेवायची नाही, मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवलंय. इथे तर मी आख्ख्या गावाची नक्कल दुसऱ्याच्या हातात देणार."

"मग नावं बदला की!"

"नावं बदलली तर दार कसं आठवणार?"

घ्या! आहे का उत्तर?

मग कुठून तरी दुसरं ॲप शोधून आणलं. म्हणे हे काही मागत नाही. सगळ्यांना सांगितलं, इकडे या. बहीण म्हणाली, दादा, तुझ्या एकट्यासाठी? ह्यांच्याबरोबरच मास्तरांकडे शिकलेला लंबू आला, चार दिवस राहिला, 'इथे कुत्रं नाही' म्हणून निघून गेला. उरलो आम्ही दोघं. ओसाड गावची पाटीलकी! एकाच स्वयंपाकघरात बसून हे मला लिहायचे, 'पोचला का?' आणि मी पोळी लाटता लाटता ओरडायची, "पोचला!"

हसण्यावारी नेलं असतं, पण मास्तरांचं तसं नव्हतं. मास्तरांनी ह्यांच्या हातात पहिली कानस दिली. जन्मभर लोखंडावर हातोडा मारून मास्तरांचे कान गेले. फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. ते मेसेज मात्र आवडीने वाचतात आणि लिहितात, तेही फक्त त्या ॲपवर, कारण लेकाने तेवढंच शिकवलंय. आता तोच लेक त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार होता. आज संध्याकाळची बस. या वयात ते परत थोडेच येणार? म्हणजे ह्यांना जे बोलायचं ते आज, समोर बसून, मोठ्याने, एवढीच काय ती संधी. गेले कित्येक दिवस रोज जेवण झालं की हे एक पितळी कुलूप घासत बसायचे. सगळे भाग हाताने केलेले. मास्तरांना द्यायला.

त्या दिवशी वॉर्डात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सुटले, लॉकर उघडला, फोन बघितला. मास्तरांच्या शिष्यांच्या ग्रुपवर, जिथे ह्यांच्या जागी मी आहे, मेसेजचा ढीग. सगळ्यात खाली, दुपारचा, लंबूचा. 'हॉलची वीज गेलीय. कार्यक्रम बसस्टँडसमोरच्या हॉटेलात. मास्तरांनाही सोयीचं.' खाली पन्नास अंगठे. त्यानंतर फोटोच फोटो. मास्तर फुलांचा गुच्छ धरून. मास्तर केक कापताना. मास्तर बसच्या पायरीवर हात हलवताना. एकाही फोटोत हे नाहीत.

फोन लावला.

"अगं, तास होऊन गेला, इथे अजून कुणीच नाही," हे म्हणाले. "लंबूही उचलत नाही. उशीर करतात लेकाचे."

"तिथेच थांबा," एवढंच म्हटलं आणि रिक्षात बसल्या बसल्या लंबूला फोनवर धरलं.

"अरे, तुला एक फोन करता आला नाही त्यांना?"

"वहिनी, ग्रुपवर टाकलं होतं!"

"ते ग्रुपवर नाहीत, हे तुला माहीत नाही?"

"माहितेय हो, पण... ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना कळतं ना. मास्तर दोनदा म्हणाले, तो कुठाय. मला वाटलं, असेल कामात. भाषणं चालली होती, फोनचा आवाज बंद होता माझ्या."

रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली. लंबूचा राग, ॲपचा राग, आणि सगळ्यात जास्त ह्यांचा. एवढं कसलं ते तत्त्व? त्या पिवळ्या दारातल्या आजीला पत्ता तरी आहे का, की तिच्यापायी हा माणूस वाळीत पडलाय?

हॉलच्या पायरीवर हे बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर रुमालात गुंडाळलेलं कुलूप. मागे बंद दार. त्या दारालाही कुलूपच, बाजारात मिळतं तसलं साधं. ह्यांनी एका तारेने चुटकीसरशी उघडलं असतं. पण हे आपले बाहेर, उन्हात.

मी शेजारी बसले आणि सांगितलं. खूप बोलायचं ठरवून आले होते, पण त्यांचा चेहरा बघून निम्मं गिळलं.

"बस सुटली?"

"सुटली."

"फोटो दाखव."

दाखवले. चष्मा पुसून एकेक बघितला. बसच्या पायरीवरचा बघून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा दाखव." मला रडू आलं. त्याचाही राग आला.

"घ्या ना हो ते ॲप परत. माझ्यासाठी नको, मास्तरांसाठी घ्या. नाहीतर आता कसं बोलणार त्यांच्याशी?"

ह्यांनी कुलपाभोवतीचा रुमाल नीट केला. "नाही गं. नाही जमायचं."

"धन्य आहे!" मी फोन त्यांच्या हातात आदळला. "मग लिहा माझ्यावरून! आहेच टपालखाना!"

त्यांनी जाड बोटांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच गेलं. 'मास्तर, मी आलो होतो. हॉलच्या दारापाशीच आहे.'

उत्तर लगेच आलं. धावत्या बसमध्ये म्हातारा फोन हातात धरूनच बसला असणार.

'कुलूप होतं म्हणून बाहेर बसलास? गाढवा, मी तुला काय शिकवलं?'

हे मोठ्याने हसले. इतके हसले की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. फोन माझ्याकडे दिला.

"तू लिही. मला दिसत नाहीय."

"काय लिहू?"

"लिही, दार आपलं नव्हतं."

मी लिहिलं. पाठवलं. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. मास्तरांनी वाचलं, पण उत्तर आलं नाही. आम्ही वाट बघत तसेच बसून राहिलो. ह्यांनी रुमाल सोडला, कुलूप बाहेर काढलं आणि किल्ली फिरवून बघितली. ते उघडलं. त्यांनी ते लावलं, पुन्हा उघडलं.

"छान झालंय," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले. "त्यांना खटक्याचा आवाज ऐकू आला नसता. हाताला कळलं असतं."