खुडूक कोंबडीची बाधा

वहिनींच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध फुंकरबाबा, आणि त्याच्या तळहातावर मान टाकलेलं, गार पडलेलं कोंबडीचं पिल्लू. ते त्याने आपल्या ढगळ बाहीत सरकवलं.

"आत्म्या, वळ मागे! पुढे रस्ता नाही!"

आत्मा बहुधा कानाने जड असावा, कारण बाबाला पाव तास ओरडावं लागलं. मग बाहीतून "चिव" आलं. बायकांनी डोळे पुसले. न्हाव्याने तर बाबाचे पायच धरले. बाबाचा मोबदला फक्त डझनभर अंडी!

दादा गेल्यापासून वहिनींना बोलायला ती एक कोंबडीच होती. एकवीस दिवस बसून तिने अकरा पिल्लं काढली. पण ती पिसं फुगवी, घशातून गुरगुरे, हात नेला की टोची. बाबाने लांबूनच निदान केलं, "बाधा! पिल्लांना खाईल ही. वेगळी कोंडा." कोंबडी लोहाराच्या परसात डालग्याखाली गेली आणि पिल्लं उघड्या पडवीत, टोपलीत. तेव्हापासून रोज सकाळी एखादं मान टाके. बाबाने परत आणलेलंही टोपलीत गेलं की पुन्हा गार.

मी म्हणालो, "वहिनी, खुडूक कोंबडी पिल्लं राखताना अशीच वागते हो. पिल्लं तिच्या पोटाखाली द्या."

"भावोजी, घुबडाला अंडी उसनी देणारी कोंबडीही तुमचीच थाप ना?"

सगळे खो खो हसले. जन्मभर थापा मारल्यावर खऱ्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? सहावं पिल्लू उठलंच नाही, तेव्हा बाबा म्हणाला, "इथे एक अश्रद्ध आहे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला अंगणही बंद झालं. कुंपणापलीकडून टोपली रिकामी होताना बघत राहिलो.

शेवटी पुन्हा थापच मारली. गुरांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, वहिनींच्या अंगणात दोन डोक्यांचं वासरू झालंय! बाई धावत आल्या, वासरू नाही म्हणून मला झापलं, आणि मग त्यांची नजर बाबाच्या फुगलेल्या बाहीवर गेली. त्यांनी सरळ आत हात घातला आणि गरम पाण्याची रबरी पिशवी उपसली.

"ही तपश्चर्येची ऊब आहे!" बाबा किंचाळला.

"तपश्चर्येला बूच कधीपासून लागलं?" बाई म्हणाल्या. "अहो, पिल्लं गारठली होती. या वयात त्यांना स्वतःची ऊब टिकवता येत नाही, ती आईच्या पोटाखाली मिळते. ऊब वेळेवर मिळाली तर उठतात, उशीर झाला तर नाही. आणि फुगणं, टोचणं ही बाधा नव्हे, पहारा आहे."

बाबा पसार झाला. पिशवी विसरला, अंडी नाही.

वहिनींनी धावत कोंबडी आणली, उरलेली तीन पिल्लं तिच्या पोटाशी लोटली. कोंबडीने अंग झाडलं, एकाच्या डोक्यात चोच मारली आणि उकिरडा उकरायला निघून गेली.

"आठ दिवस पिल्लांपासून तुटली होती," बाई हळूच म्हणाल्या. "खुडूकपणा उतरला तिचा. आता नाही घेणार. खोक्यात दिवा लावून ठेवा. वाचतील तेवढी वाचतील."

एकच वाचलं. वहिनी खोक्याशी बसून मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही ओरडून का नाही सांगितलंत?"

मी खोक्यातला दिवा पिल्लाच्या आणखी जवळ सरकवला.

मंडळी, सांगणारा थापाड्या की साधू, हे बघत बसू नका. कोंबडीच्या पोटाखाली आणि बाबाच्या बाहीत स्वतः हात घालून बघा. टोचलं तर टोचू दे.