पिवळ्या मांडणीवरचा सातवा दिवस

मी एक जुना डबा आहे. हसू नका मित्रांनो, वेळ फार कमी आहे. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि पाच वाजता मला कापणार आहेत.

म्हणजे माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत. तेवढ्यात अख्खं आयुष्य सांगायचं आहे. जमेल तसं सांगतो, मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

मी डबा असलो तरी लाडू-चिवड्याचा नाही. गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये, एका पाइपात मला बसवलेलं असतं. इंजिनातून विषारी धूर येतो. माझ्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी आहे. धूर त्या जाळीतून जातो आणि त्यातलं बरंचसं विष माझ्यात मरतं. मी तापून लाल व्हायच्या बेताला येतो तेव्हा कुठे हे काम नीट होतं. थंडपणे बसून राहणं माझ्या स्वभावातच नाही.

आणि आता सात दिवस मी थंडगार पडून आहे.

चार वाजून चौदा मिनिटं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या जाळीवर एका मौल्यवान धातूचा पातळ लेप दिला गेला. किती पातळ? फुंकर मारली तर उडेल असं वाटावं इतका. पण तो धातू सोन्याच्या तोडीचा! कारखान्यात मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. मित्रांनो, त्याच लेपापायी पुढे माझ्यावर करवत चालली. अंगावर दागिना असला की चोराचं लक्ष जातंच, मग तो दागिना पोटात का असेना.

मला एका पांढऱ्या व्हॅनला बसवलं. व्हॅन चालवायची एक बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आजोबासुद्धा. व्हॅनमधून जायचे ते सगळे पेशंट. त्यांची मूत्रपिंडं काम करत नव्हती, म्हणून आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं. आठ जण होते. मावशी त्यांना घरून उचलायची, नेऊन सोडायची, परत आणायची. अकरा वर्षं!

ते आत बसून रक्त शुद्ध करायला निघायचे आणि मी खाली त्यांच्या गाडीचा धूर शुद्ध करायचो. आमचं सगळ्यांचं एकच खातं होतं म्हणा ना.

"मावशी, आज हळू चालवताय. नवरा मागे बसलाय की काय?" टोपीवाले आजोबा म्हणायचे.

"तुमच्या कवळीची काळजी, आजोबा. खड्ड्यात पडली तर शोधायला मीच उतरणार ना!"

मग सगळी व्हॅन हसायची. ते हसू पत्र्यातून माझ्यापर्यंत यायचं.

चार वाजून एकवीस. गॉगलवाला आला! तुम्हाला तो अजून माहीत नाही. सांगतो, सांगतो. आधी चोरी.

भर दुपारची वेळ. हॉस्पिटलचं आवार. नारिंगी जाकिटं घातलेली दोन माणसं आली. त्यांनी व्हॅनच्या पुढे-मागे प्लास्टिकचे शंकू ठेवले, जॅक लावला आणि गाडीखाली घुसली. कोणाला वाटलं असतं चोर आहेत म्हणून? उलट वॉचमन जवळ आला आणि त्यांच्यावरच डाफरला.

"इथं रिपेरी करायची नाही! लवकर आटपा, मोठे डॉक्टर येतायत."

"झालंच साहेब, दोन मिनिटं."

आणि मित्रांनो, खरंच दोनच मिनिटं लागली. करवतीनं पुढून एकदा, मागून एकदा. मला गोणीत कोंबलं. वॉचमननं त्यांना गेट उघडून दिलं, वर सलाम ठोकला.

त्या संध्याकाळी मावशीनं चावी फिरवली तेव्हा काय झालं ते मी पाहिलं नाही. पण ती तिसऱ्या दिवशी इथं या दुकानात येऊन सांगत होती. "अहो, गाडी कसली, विमान सुरू झालं! आजोबा म्हणाले, पट्टा बांधा, उडतोय आपण." सांगताना ती हसली, आणि मग बोटांवर दिवस मोजू लागली. कारण हॉस्पिटलनं तिला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी व्हॅन नीट धावली नाही तर पेशंट आणायचं काम कायमचं दुसऱ्या गाडीला. नवा डबा कंपनीकडून यायला महिना लागणार होता.

आज शनिवार आहे.

चार वाजून सत्तावीस.

आता हे दुकान. हे आहे भंगाराचं दुकान आणि मालक आहेत चुंबकशेठ. खिशात कायम लोहचुंबक. आलेल्या प्रत्येक वस्तूला ते लावून बघायचं ही त्यांची सवय. घरात नवा चमचा आला तरी आधी चुंबक, मग आमटी. दुकान चालवतात दोघं, शेठ आणि वहिनी.

पूर्वी इथली रीत सोपी होती. वस्तू आली, काट्यावर चढली, तासाभरात कापली. कोणी आणली, कुठून आणली, विचारायचं नाही. शेठ म्हणायचे, "आम्हाला वस्तूचं वजन कळतं, वंश कळत नाही."

मग गाड्यांच्या बॅटऱ्या जाऊ लागल्या. चाकं जाऊ लागली. माझे भाऊबंद तर रोज दोन-चार. चोराला पकडायचं तर चोरीचा माल सापडायला हवा, आणि माल तर तासाभरात कापून मोकळा. तेव्हा नवा नियम निघाला. गाडीचा सुटा भाग विकायला आणणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, वस्तूसकट त्याचा फोटो काढायचा, तो पोलीस ठाण्यात पाठवायचा, आणि वस्तू सात दिवस रस्त्यावरून दिसेल अशी ठेवायची. सातव्या दिवशी पाचपर्यंत कोणी दावा केला नाही तरच हात लावायचा. चुकलं तर परवाना रद्द.

शेठ काय भडकले होते! "आम्ही भंगार घेतो की पासपोर्ट काढतो?"

वहिनींनी एक मांडणी आणली, तिला पिवळा रंग दिला आणि दुकानाच्या तोंडाशी जाळीमागे उभी केली.

"ही कशाला?"

"परवाना रद्द झाला तर तुम्ही दिवसभर घरात बसाल. ते मला झेपायचं नाही."

त्या मांडणीवर मधल्या फळीला मी आहे. माझ्या गळ्यात पुठ्ठा बांधलाय. वाचून दाखवतो:

*डबा, धुराचा. दोन्ही बाजूंनी कापलेला. आणणारा म्हणतो: स्वतःच्या गाडीचा. गाडी कुठली: आठवत नाही.*

खालची ओळ वहिनींनी वेगळ्या पेनानं लिहिली आहे:

*मालक नट खोलतो. चोर पाइप कापतो.*

आणि त्या चोराचा फोटो! चक्क मला छातीशी धरून हसतोय, कुस्तीत ढाल जिंकल्यासारखा. "जरा इकडे बघा," असं वहिनी म्हणाल्या आणि त्यानं बघितलं. फोटो काढताना हसायची सवय वाईट, मित्रांनो.

चार वाजून छत्तीस. मला भरभर बोलायला हवं.

पहिला दिवस: फोटो.

दुसरा दिवस: पाऊणशे माणसं रस्त्यावरून गेली. एकानंही पाहिलं नाही.

तिसरा दिवस: मावशी!

ती शहरातली भंगाराची दुकानं एकेक करून पालथी घालत होती. जाळीसमोर उभी राहिली. मांडणीवर आम्ही तिघे सारखेच डबे होतो. तिनं अकरा वर्षं मला चालवलं, पण मला पाहिलं कधी होतं? गाडीखाली कोण वाकून बघतं! तिनं हात जाळीतून घातला आणि... आणि शेजारच्या डब्यावर ठेवला.

"हाच असणार. नाही का?"

मी इकडे! मावशी, इकडे! पण धूर अंगात नसला की मला आवाज नसतो.

वहिनी बाहेर आल्या. "ताई, असणार म्हणून देता येत नाही. उद्या दुसरी कोणी येईल, ती पण म्हणेल हाच असणार. कापल्यावर गाडीखाली पाइपाचा तुकडा राहिला असेल ना? तो आणा. लागून बसला की डबा तुमचा."

"गाडी मिस्त्रीकडे ओढून नेलीय. आणि मिस्त्री गॅरेज बंद करून सासुरवाडीला गेलाय."

"कधी येणार?"

"शनिवारी म्हणाला."

वहिनींनी माझ्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग इतर दोन पुठ्ठ्यांकडे. "तिघांचीही मुदत शनिवारीच संपते," त्या म्हणाल्या. "पाचच्या आत या."

चौथा दिवस: काही नाही.

पाचवा दिवस: काही नाही. एका मांजरानं माझ्यावर अंग घासलं, तेवढंच.

सहावा दिवस: गॉगलवाला. हा माणूस फक्त आमच्या पोटातली जाळी विकत घेतो. तो माझ्याकडे असा बघत होता जसा कसाई... जाऊ दे.

"शेठ, तिन्ही आत्ताच देऊन टाका. कोण बघतंय?"

"ती बघतेय," शेठ हळूच म्हणाले आणि त्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं. "परवाना एक वेळ परत मिळेल. ही काही मला सोडायची नाही. उद्या पाचला ये."

चार वाजून बेचाळीस. गॉगलवाला परत आलाय! कटर घेऊनच आलाय. खुर्ची ओढून घड्याळासमोर बसलाय.

चार अठ्ठेचाळीस. त्यानं कटरची वायर सोडवली.

चार एकावन्न. रस्त्यावर कोणी नाही.

चार त्रेपन्न. "सातच मिनिटांचा तर प्रश्न आहे, शेठ."

"मग सात मिनिटं बस."

चार पंचावन्न. कटर चालवून बघतोय! घर्रर्र! मित्रांनो, मला पूर्ण झालं नाही, अजून चढणीबद्दल सांगायचं होतं, थंडीतल्या पहिल्या फेरीबद्दल, त्या

मावशी!!

रिक्षातून उतरतेय! पायात एकच चप्पल आहे! छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी!

"थांबा! थांबा हो! आणलाय तुकडा!"

गॉगलवाला उठला. "पाच वाजले!"

"तीन मिनिटं आहेत," वहिनी म्हणाल्या. "घड्याळ माझं आहे. बस खाली."

मावशीनं वीतभर पाइप पहिल्या डब्याला लावला. बसेना. दुसऱ्याला लावला. थोडा बसल्यासारखा वाटला, फिरवला, नाही. मग माझ्याकडे आली. लावला.

बसला नाही.

मित्रांनो, मी तिचाच होतो! माझाच पाइप, आणि तरीही बसेना! तिनं पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"नाहीये हा," ती म्हणाली. "सोमवारी आजोबांना काय सांगू?"

गॉगलवाल्यानं कटर उचललं.

आणि तेव्हा चुंबकशेठ ओरडले, "अहो ताई! उलटा धरलाय तुम्ही!"

शेठ तरातरा आले. सात दिवस नियमाला शिव्या देणारे शेठ. तीस वर्षं लोखंड हाताळलेला माणूस, चुकीचं लावलेलं लोखंड त्यांना बघवेचना! त्यांनी तिच्या हातातला तुकडा घेतला, दुसऱ्या टोकाकडून फिरवला आणि माझ्या कापलेल्या कडेला टेकवला.

टक्.

करवत मध्येच घसरून पायरीसारखी वाकडी गेली होती. ती वाकडी पायरी तशीच्या तशी माझ्या पायरीत बसली. केसाचीही फट नाही.

"कापताना हात बिचकलाय त्याचा," शेठ म्हणाले. बोटानं त्यांनी ती कड दोनदा चाचपली. मग गॉगलवाल्याकडे वळून म्हणाले, "ऊठ. मालकीण आली."

"पण शेठ, आपलं बोलणं..."

"तुझं ओळखपत्र आणलंयस का? नाही? मग फोटो काढू?"

तो कटर घेऊन असा पळाला की वायर रस्त्यावरून फरफटत गेली. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना मांडणीचा आधार घ्यावा लागला. त्यांनी माझ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: *दावा आला. चार अठ्ठावन्न.*

मग ठाण्यातून हवालदार आले. त्यांनी फोटो काढले, सह्या घेतल्या. चोराचा हसरा फोटो बघून ते म्हणाले, "अरे, हा तर गेल्या महिन्यात हॉस्पिटलात पार्किंगच्या पावत्या फाडायचा!" आणि त्यांनी मला मावशीच्या ताब्यात दिलं. मिस्त्रीनं रविवारी सुट्टी न घेता मला पुन्हा जोडलं. जोडताना दुखलं का? दुखलं. पण ते दुखणं घरी आल्याचं होतं.

सोमवार, सकाळ.

मी तापलोय! मित्रांनो, मी पुन्हा तापलोय! वर आठही जण आहेत. आजोबा म्हणतायत, "काय मावशी, विमान विकलं वाटतं?"

आता जे सांगायचं ते ऐका. मला चोरणारे दोघे होते. पण मला कापायला निघालेले किती होते ते मोजा. ज्यानं न विचारता घेतलं असतं तो, ज्यानं न बघता विकलं असतं तो, ज्यानं गेट उघडलं तो. चोर एकटा कधीच चोरी करत नाही. पुढे कोणीतरी हात पुढे करून उभा असतो, म्हणून तो चोरतो. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कोणी तुम्हाला गाडीचा आरसा, चाक, बॅटरी स्वस्तात देऊ करेल. तेव्हा तो हात मागे घ्या आणि एवढंच विचारा, "कुठून आणलंस?" विचारताना लाजू नका. वहिनी लाजल्या नाहीत. आणि समोरच्याला आठवत नसेल, तर तुम्ही ती गोष्ट सात दिवस तरी

थांबा, चढण लागली. इंजिन जोरात आहे, धूर येतोय, भरपूर येतोय. मला आता काम आहे.