पोटात ठेवलेला फोटो

कुवाबारा तेइझो यांचा तसबिरीसाठी काढलेला फोटो आलाच नाही, असे त्यांची पत्नी दोन वर्षे समजत होती. तो आला होता. तो माझ्यापाशी होता, आणि दाखवण्याची वेळ आली तेव्हा मी डोळा मिटून घेतला. हा अपराध माझा आहे. तो आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना कोणी दुसऱ्याला दोष देणार नाही.

मी त्या घरातला जुना कॅमेरा बोलतो आहे. रंगाने रुपेरी, आकाराने साबणाच्या वडीएवढा, दोन पेन्सिल सेलांवर चालणारा. दुकानाच्या ज्या फळीवर मी प्रथम डोळा उघडला, ती सर्वांत खालची होती. तिच्याखाली फक्त जमीन होती. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत मला श्वासभर वेळ लागे. तेवढ्यात लहान मुले चौकटीबाहेर पळत आणि वडीलधारी माणसे नेमकी पापणी मिटत.

तेइझो साडो बेटावर येणाऱ्या बोटीच्या इंजिनघरात आयुष्यभर राबलेले गृहस्थ. पत्नी ओरिए प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या, त्या दिवशी तेइझोंनी मला कागदात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवले.

"अडतीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या चुका बघितल्यास," ते म्हणाले. "आता जरा दुसरं काही बघ."

ओरिएंना सारे गाव बाई म्हणे. शाळा सुटताना बाईंच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला बाकाच्या खणात तळापर्यंत हात घालावा लागे. "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं," त्या म्हणत. "हात घालून बघा, मग घरी जा." हे मी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून इतक्या वेळा ऐकले आहे, की मला ते पाठ झाले.

बाईंच्या हाती मी अकरा वर्षे होतो. डोंगरावरची चेरी, बंदरावरची जत्रा, सहलीच्या बसपुढे ओळीने उभी राहिलेली मंडळी. जे जे मी टिपले, ते ते माझ्यात बसवलेल्या मेमरी कार्डावर गेले. माझे म्हणून माझ्यापाशी काही उरले नाही. याची मला खंत होती. नसायला हवी होती.

आमच्या गावात सत्तरी उलटली, की माणसे आपल्या तसबिरीची तजवीज करू लागतात. पुढे देवघराजवळ लागणारा फोटो हयातीतच काढून ठेवला, म्हणजे ऐनवेळी घरच्यांची धावपळ होत नाही. तेइझो मात्र स्टुडिओत जायला तयार नव्हते. "काढायचाच तर ओरिएच काढेल," ते म्हणत. बाईंनी सहा वेळा प्रयत्न केला. सहाही वेळा, माझ्या संथपणामुळे, त्यांचे डोळे मिटलेले निघाले.

"असू दे," तेइझो म्हणाले. "तेव्हा मी असाच दिसणार आहे."

बाई हसल्या नाहीत.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत वस्तीच्या क्रीडादिनासाठी मला उसने मागितले गेले. घरगुती फोटो परक्यांच्या हाती देऊन त्यांना अवघडवणे बाईंच्या शिस्तीत बसत नव्हते. त्यांनी माझे कार्ड काढले, कागदाच्या घडीत ठेवले आणि देवघराच्या खणात जपले. वस्तीवाले आपले कार्ड आणणारच होते. मला पुसून, फडक्यात बांधून त्यांनी ओसरीवर ठेवले. संध्याकाळी वस्तीप्रमुख येऊन मला नेणार होते.

दुपारी तेइझो पर्सिमनची केशरी फळे सोलून वाळवण्यासाठी वळचणीला दोरीने टांगत होते. आदल्याच दिवशी केस कापून आलेले, गळ्यात टॉवेल, अंगात कामाचे जाकीट. अचानक म्हणाले, "ओरिए, आज काढ. आज मी बरा दिसतोय."

"आधी कोट घालून या."

"कोट घातला की मी माझ्यासारखा दिसत नाही. काढ म्हणतो ना."

बाईंनी फडके सोडून मला उचलले. कार्ड खणात आहे, हे त्या विसरल्या. हनुवटी खाली, तोंड मिटलेले, पाठ ताठ, अशा सूचना त्या वर्गात देत असत तशाच देऊ लागल्या. आणि तेइझो बोट दाखवून हसत सुटले. त्या क्षणी बटण दाबले गेले. एकदा तरी मी वेळेवर होतो. डोळे उघडे होते.

माझ्या पोटात चिमूटभर जागा आहे. कार्ड नसले, की फोटो तिथे राहतो. तसे सांगणारी खूण मी पडद्याच्या कोपऱ्यात दाखवली, पण ती मोहरीच्या दाण्याएवढी, आणि समोर लखलखीत ऊन. बाईंना ती दिसली नाही. इथपर्यंत मला निर्दोष म्हणता येईल.

मी परत आल्यावर बाईंनी कार्ड घातले आणि फोटो शोधला. कार्ड आत असले, की पोटातले मी दाखवीत नाही. माझी घडणच तशी. त्यांनी तीनदा शोधले. बटण आपल्याकडूनच नीट दाबले गेले नसावे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. रात्री जेवताना तेइझोंनी माशाचा काटा काढता काढता विचारले, "फोटो चांगला आलाय ना?"

विसरलेल्या वहीची सबब कधी ऐकून न घेणाऱ्या बाई क्षणभर थांबल्या. "आलाय," त्या म्हणाल्या.

"डोळे?"

"उघडे आहेत."

"मग झालं. आता पुन्हा कोटबीट घालायला लावू नकोस."

नव्या वर्षाच्या सणात गोडीगुलाबीने पुन्हा काढून घेऊ, असे बाईंनी ठरवले होते. सण पाहुण्यांत गेला. सात जानेवारीला तेइझो बंदरावर बोट बघायला गेले आणि धक्क्यावरच कोसळले. ते घरी आले, ते पांढऱ्या चादरीखाली.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस तसबिरीसाठी फोटो मागू लागला. बाईंनी माझ्यातले कार्ड काढून त्याच्या हाती दिले. मग रिकामे पाकीट आपण उगाच पुन्हा उघडून पाहतो, तसे त्यांनी मला, कार्डाविना, सुरू केले.

माझे सेल उतरले होते, हे खरे. पण अगदीच संपले नव्हते. एक फोटो दाखवण्याइतका जीव माझ्यात होता. बाईंचे बोट योग्य त्या बटणावर टेकलेही होते. त्या क्षणी माझ्या मनात आले, की अकरा वर्षांत माझे म्हणून राहिलेले हे एकच आहे, आणि आता तेही नेतील. मी सेल संपल्याचा लाल दिवा लुकलुकवला आणि डोळा मिटला.

बाईंनी मला बोल लावला नाही. "सेल बदलायला हवे होते," त्या म्हणाल्या. "माझीच चूक."

मग सहलीच्या सामूहिक फोटोतून तेइझोंचा चेहरा कापून मोठा करण्यात आला. माझे ठिपके मुळात थोडे. ताणल्यावर चेहरा रवाळ झाला. शेजाऱ्याचा खांदा खोडला, अंगावर कुलचिन्हांचा काळा किमोनो चढवला. तेइझोंच्या थोरल्या बहिणीने, इसोएंनी, तो पाहिला आणि सर्वांदेखत म्हटले, "हा माझा भाऊ नाही. टपालाच्या तिकिटावरचा कोणी मंत्री असावा. घरात कॅमेरा होता ना ग, ओरिए?"

"होता, वन्सं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कार्ड परत आले, माझ्यात बसले, आणि दोन वर्षे मी देवघराजवळच्या खणात होतो. रोज सकाळी बाई तसबिरीपुढे भात आणि चहा ठेवीत, घंटा वाजवीत. खणाच्या फटीतून मला दिसे, की त्या चेहऱ्याकडे पाहत नाहीत; किमोनोच्या चिन्हाकडे पाहून नमस्कार करतात. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगितलं." जे खोटे नव्हते, त्याचा भार त्या वाहत होत्या, आणि पुरावा माझ्या पोटात होता. पण खणातून स्वतः उठणे मला शक्य नव्हते. वेळ असताना जो बोलत नाही, त्याला पुढे बोलू म्हटले तरी तोंड उरत नाही.

शेवटी माझ्या सुटकेला कारण झाल्या इसोए. शहाऐंशीव्या वर्षी त्यांना स्वतःच्या तसबिरीची घाई झाली.

"मला काही तुझ्या त्या साबणाच्या वडीत काढू नकोस," त्यांनी बजावले. "माझाही रवा करशील."

तेव्हा मधल्या दर्जाचा नवा कॅमेरा घ्यायचे ठरले. जुना दिल्यास नव्यावर सूट मिळत होती. बाईंनी मला पुसून रेशमी रुमालात बांधले, आणि नणंद-भावजय बंदरावरच्या दुकानात आल्या.

दुकानदार सुगानो बाईंचाच विद्यार्थी. पन्नाशीचा, तरी त्यांच्यासमोर सरळ उभा राहणारा. त्याने नवा कॅमेरा पुढे ठेवला. काळा, वजनदार, हाताच्या पकडीत नीट बसणारा. बाईंनी तो डोळ्याला लावला. इसोए काही तरी बोलायला तोंड उघडत होत्या, तोच त्याने त्यांना टिपले. मला लागणारा श्वास त्याला लागलाच नाही. मला मत्सर वाटला, आणि लगेच त्या मत्सराची लाज वाटली.

"ही मी?" इसोए पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "इतकी म्हातारी?"

"वन्सं, जे आहे तेच तो दाखवतो."

"मग जुनाच बरा होता म्हणायचा."

सुगानोने मला उघडले, कार्ड काढून दोन्ही हातांनी बाईंना दिले आणि माझ्यात कोरे सेल घातले.

"कार्ड तर दिलंस," इसोए म्हणाल्या. "आता आत काय शोधतोयस?"

"सवय आहे, आजी. बाक रिकामं दिसलं, तरी हात घालून बघायचं. बाईंनी तिसरीत लावलेली."

"आणि तरीही तू रोज छत्री विसरायचास," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर अजून बघतो, बाई."

त्याचे बोट बटणावर आले. सेल कोरे होते. सांगायला सबब नव्हती. पण सबब असती, तरी या वेळी मी डोळा मिटला नसता, एवढे खात्रीने सांगतो.

पडद्यावर तेइझो उमटले. वळचणीला केशरी फळे, गळ्यात टॉवेल, एक बोट पुढे, आणि डोळे पुरते उघडे ठेवून हसणारे.

सुगानोने पडदा त्या दोघींकडे वळवला.

"हा आपला तेइ," इसोए म्हणाल्या. "बोट कोणाला दाखवतोय?"

बाई खुर्चीवर बसल्या. "मला. माझ्या केसांत फळाचं साल अडकलं होतं. रात्री आरशात दिसलं. दुपारपासून तशीच वावरत होते, वस्तीप्रमुखांसमोरसुद्धा. सांगायचं सोडून हे हसत राहिले." त्यांनी हातातले कार्ड दोनदा उलटसुलट केले. "वन्सं, मी त्यांच्याशी खोटं बोलले होते. फोटो आलाय म्हणाले. आला नव्हता."

"आला होता की. हा काय. डोळेही उघडे आहेत."

"मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना आलाय म्हणणं, म्हणजे खोटंच."

"मग ते वर गेल्यावर त्यालाच सांग," इसोए डोळे पुसत म्हणाल्या. "मला मध्ये घेऊ नकोस."

सुगानोने फोटो कार्डावर उतरवून घेतला. मग संकोचून विचारले, "बाई, हा कॅमेरा तुम्ही परत नेलात तरी चालेल. ठेवायचा असेल तरी नव्यावरची सूट तशीच राहील."

मला भीती वाटली, की त्या हो म्हणतील. ज्याने लपवले, त्याला आठवण म्हणून जपावे, हे मला सोसले नसते.

बाईंनी मला तळहातावर घेतले, मान लववली. "पुष्कळ राबलास," त्या म्हणाल्या. मग सुगानोला म्हणाल्या, "ठरलं ते ठरलं. कोणी नवशिका असेल, त्याला दे. आणि आतला फोटो पूस. दोन वर्षं हे तिथे कोंडून होते. आता घरी येऊ दे."

आता मी त्याच दुकानात, त्याच खालच्या फळीवर आहे. पोट रिकामे आहे, आणि दोन वर्षांत प्रथमच हलके आहे. वाचकहो, माझी एकच विनंती आहे. जुना कॅमेरा देऊन टाकण्यापूर्वी त्यात कोरे सेल घाला, कार्ड काढा आणि एकदा उघडून बघा. आमच्या शब्दावर जाऊ नका. आम्हीही माणसांच्याच सहवासात वाढलेले असतो.

त्या दिवशी दुकानात ठरले ते असे: येत्या सात जानेवारीला जुनी तसबीर उतरवून हा फोटो लावायचा, टॉवेल तसाच ठेवायचा. बोटाबाबत इसोए थोडा वेळ अडल्या, कारण नमस्काराला येणाऱ्या प्रत्येकाकडे ते रोखले जाणार होते, मग म्हणाल्या, "राहू दे, माझ्याकडेही दाखवू दे." बाईंनी मान्य केले. सुगानोनेही मान डोलावली. मला कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच होते. तरीही माझी संमती होती.