दोन चिठ्ठ्यांची साडी

मी एक साडी बोलतेय. उमरेडच्या हातमागावरची, करवती काठाची. वय सव्वा वर्ष, आणि अजून एकदाही कोणी मला नेसलेलं नाही. तुम्ही रोज लुगडी नेसता-सोडता, त्यामुळे सव्वा वर्ष घडीत पडून राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही.

मला विणलं भागीरथानं. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ती मागावर बसायची आणि आडवं सूत नेणाऱ्या धोट्याशी बोलत बोलत विणायची. तिची एक खोड होती. घरात काही चांगलं घडलं, की त्या महिन्यातल्या प्रत्येक साडीच्या पदराला, आतल्या कोपऱ्यात, ती एक वेगळ्या रंगाचा धागा घालायची. तिच्या मुलीचं, काजलचं लग्न ठरलं त्या महिन्यात हिरवा धागा होता. आम्ही हिरव्या धाग्याच्या सात बहिणी. तो धागा गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. दिसावा म्हणून तिनं घातलाही नव्हता.

भागीरथाचा नवरा रुपराव. नागपुरात सदरला गुलाबचंद शेठचं दुकान आणि मागे गोदाम आहे, तिथं तो साड्यांचे गठ्ठे बांधायचा आणि ट्रकवर चढवायचा. आम्हा सातजणींना त्यानं स्वतःच्या हातानं दहाव्या गठ्ठ्यात बांधलं. दहाच्या दहा गठ्ठे हैदराबादला निघाले.

ट्रकचा मालक-चालक धर्मेंद्र. त्याला सगळे कॅप्टन म्हणत, कारण त्याच्या गाडीच्या मागे एक भलंमोठं जहाज रंगवलेलं होतं. समुद्र त्यानं पाहिला नव्हता. अंबाझरीच्या तलावापलीकडे पाण्याशी त्याची ओळख नव्हती, पण तोरा असा, की पानठेल्यावरही तो हुकूम सोडायचा. माणूस मोठा भाविक. प्रत्येक फेरीहून शेठसाठी कुठल्या ना कुठल्या देवाचा प्रसाद आणायचा, आणि शेठ गठ्ठ्यांपेक्षा प्रसादाची चौकशी आधी करायचे.

शहर सुटल्यावर एका ढाब्यामागे कॅप्टननं गाडी थांबवली, उदबत्ती लावली आणि दहावा गठ्ठा उतरवला. नागपुरातल्याच नंदनवन भागातल्या एका दुकानदाराची व्हॅन तयारच होती. सगळ्या साड्या गेल्या, मी एकटी राहिले. कॅप्टननं मला सीटखाली ठेवलं. माझं काय करायचं, ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

हैदराबादेत नऊच गठ्ठे पोचले. शेठनी विचारलं तेव्हा कॅप्टननं स्टेअरिंगवर हात ठेवून शपथ घेतली.

"नऊच चढले होते, शेठजी. रुपरावच्या पोरीचं लग्न आहे, मोह झाला असन. गरीब माणूस आहे, जाऊ द्या त्याले."

इतकं दयाळू बोलणं ऐकून शेठचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच त्यांनी भरल्या दुकानात रुपरावला चोर म्हटलं आणि कामावरून काढलं. भागीरथाला सूत देणंही बंद केलं. माग थांबला. हिरव्या धाग्याची गोष्ट तिनं चार लोकांना सांगून पाहिली, पण साडीच समोर नाही, तर धागा कोण बघणार? ही बातमी काजलच्या सासरपर्यंत गेली. चोराची पोर घरात आणायची का, यावर तिथं रोज चहा होऊ लागला. लग्न मोडलं नाही, पण एका धाग्यावर लटकत राहिलं.

इकडे मनीषनगरात शेठच्या नव्या फ्लॅटची वास्तू झाली. कॅप्टननं आहेर म्हणून काय नेलं असेल? मला. शेठचाच माल शेठलाच, चकचकीत कागदात. वर नावाची चिठ्ठी. आणि ट्रान्सपोर्टची सवय अशी, की पार्सलवरचं नाव फाटलं तर आत सापडावं म्हणून दुसरी चिठ्ठी आतही टाकतात. तशी एक त्यानं माझ्या घडीत टाचणीनं टोचली. केलेलं दान फुकट जाऊ नये, याची काळजी पुण्यवान माणसं फार घेतात.

शेठाणी प्रेमिलाबाईंनी मला उघडलं नाही. आहेराची साडी उघडायची नसते, ती पुढे द्यायची असते. वरची चिठ्ठी काढून त्यांनी मला कपाटात ठेवलं. तिथं माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. त्यातली एक मला म्हणाली की ती सहा वास्तू आणि चार बारशी फिरून आली आहे.

मग काजलचं लग्न आलं. निमंत्रण आधीच गेलेलं होतं, आणि चोराच्याही घरी जाण्याइतकं आपलं मन मोठं आहे, हे शेठना उमरेडला दाखवायचं होतं. ते सहकुटुंब निघाले. गाडी चालवायला कॅप्टन. आहेराला मी.

मांडवात चंपतराव माईकवर आहेर पुकारत होते. नाव घेतलं की देणाऱ्यानं उभं राहून हात जोडायचे. शेठचं नाव आलं, शेठ उभे राहिले, आणि मी भागीरथाच्या हातात पडले. विणकरीणच ती, कागद फाडून तिनं थेट पदर चाचपला. तिचं बोट आतल्या कोपऱ्यातल्या धाग्यावर येऊन थांबलं. मला रडता येत असतं तर तिथंच रडले असते.

"शेठजी, हे माही साडी हाय," ती म्हणाली. "हिरवा धागा. दहाव्या गठ्ठ्यातली."

आता शेठचीच पंचाईत. साडी विकत आणली म्हणावं, तर चोरीची. आहेरात आली म्हणावं, तर आलेला आहेर पुढे ढकलला, हे साऱ्या गावापुढे कबूल करायचं. थोडा वेळ त्यांना चोर ठरणंच बरं वाटलं असावं. शेवटी प्रेमिलाबाईच म्हणाल्या, की वास्तूत कोणीतरी दिली होती, कोणी ते आठवत नाही. काजलनं मला झटकलं. आतली चिठ्ठी खाली पडली. चंपतरावांनी ती सवयीनं माईकवर वाचली.

"धर्मेंद्र कॅप्टन यांच्याकडून साडी एक."

पंगतीत जिलबी खात बसलेला कॅप्टन तत्काळ उभा राहिला आणि त्यानं चारी दिशांना हात जोडले. सगळा मांडव आपल्याकडे का बघतोय, हे त्याला तिसऱ्या दिशेला कळलं असावं, कारण चौथा नमस्कार अर्धाच झाला.

शेठ रुपरावजवळ गेले आणि त्याच्या कानाशी लागून माफीचं काहीतरी पुटपुटले. रुपराव मोठ्यानं म्हणाला,

"चोर म्हणलं तवा दुकान भरलं होतं, शेठजी. आता कानात काहून बोलून राहिले? माईक तिथं आहे."

शेठ माईकवर गेले. दोनच वाक्यं बोलले, पण रुपरावचं नाव घेऊन बोलले. काजलच्या सासऱ्यानं तोंडातलं पान थुंकून ती नीट ऐकली. मग रुपरावनं शेठना हात धरून पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं.

सध्या मी पोलीस ठाण्याच्या कपाटात आहे, पुरावा म्हणून. कॅप्टनवर खटला चालेल तोवर इथंच. भागीरथा अधूनमधून येते आणि साहेबांना विचारते, की साडी कधी सुटेल, तिला ती एकदा नेसून पाहायची आहे. इतकी वर्षं विणलं, पण स्वतःची एकही ती नेसली नाही.

तुमच्या कपाटात आहेराच्या साड्या असतील, तर त्यांना एकदा उघडा. माझ्या अंगावर आता पोलिसांची तिसरी चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'भागीरथा रुपराव यांच्याकडून, साडी एक.' मला विकणाऱ्यांची, चोरणाऱ्यांची आणि वाटणाऱ्यांची नावं आजवर पुष्कळ झाली. विणणारीचं नाव पहिल्यांदाच लागलं, तेही जप्तीत.