गंगेत सोडलेल्या वह्या

तीर्थोपाध्याय दिवाकरगुरुजींच्या नामावळीच्या वह्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता. यजमानच घरी येत, आपल्या गावाचं पान उघडत आणि बापजाद्यांच्या नावांखाली स्वतःच्या हातानं नाव लिहीत. पानापानांत कडुलिंबाचा पाला घालायचं काम श्यामलाबाईंचं. लग्न होऊन पंचवटीत आल्या तेव्हापासूनचं.

गुरुजी गेले आणि वर्षभरात वाळवी आत शिरली. देवव्रतनं पुण्याहून येऊन पानन् पानाचे फोटो काढले. यजमानांना घरबसल्या नावं सापडावीत म्हणून वेबसाइट करायचं ठरलं, आणि त्यानं आईपुढे दोन वाटा ठेवल्या. सगळं एखाद्या कंपनीच्या हवाली करायचं, म्हणजे राखण त्यांची. नाहीतर वेबसाइट चालवणारं यंत्र घरात ठेवायचं, म्हणजे राखण आपली.

"कंपनीलाच देऊ, आई. मी तिकडे, तू एकटी. बघणार कोण याच्याकडे?"

"चाळीस वर्षं वह्यांकडे कोण बघत होतं?"

लोकांचे वाडवडील परक्याच्या घरी ठेवायचे नाहीत, असं त्यांनी ठरवून टाकलं. जीर्ण वह्या रीतीप्रमाणे गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडल्या. यंत्र वह्यांच्या जागी आलं. श्यामलाबाई ते रोज पुसत, दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहत. दर रविवारी डिस्क जोडायची, प्रत घ्यायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची, असं देवव्रतनं वहीत लिहून दिलं होतं. प्रत त्या न चुकता घेत. डिस्क मात्र काढत नसत. गाय-वासरासारखी दोन्ही एका जागी असलेली बरी वाटत. यंत्राचे अपडेट देवव्रत पुण्यातून करायचा. पुढे त्यानं नोकरी बदलली आणि ते राहूनच गेलं.

एका सकाळी पडद्यावर पैसे मागणारी इंग्रजी धमकी आली. देवव्रत धावत आला, दोन दिवस खुर्चीतून उठला नाही. कोणीतरी बाहेरून शिरून सगळे फोटो कुलूपबंद केले होते, जोडून ठेवलेल्या डिस्कवरचेसुद्धा. कॅमेऱ्यातले त्यानं कधीच पुसले होते. तो आईला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात नामपूरहून जुने यजमान खंडेराव आले, नात हर्षालीचा हात धरून. त्यांचे वडील मल्हारी निरक्षर होते. त्यांचा अंगठा तेवढा वहीत उमटलेला. घरात त्यांचा फोटोसुद्धा नव्हता. म्हाताऱ्याला तो अंगठा एकदा नातीला दाखवायचा होता.

श्यामलाबाईंनी झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग नवी कोरी वही आणली, वर नामपूर लिहिलं आणि पेन पुढे केलं.

खंडेरावांनी पेन हातात घेतलं. कोऱ्या पानाकडे पाहिलं.

"वर बाप नही, मंग मी कोना खाले लिखू?"

त्यांनी पेनला टोपण लावलं. हर्षालीनं त्यांना उठायला हात दिला.

दोघं गेल्यावर श्यामलाबाईंनी सवयीनं कोऱ्या पानात पाला घातला आणि वही मिटली.